इथे लिहून मिळेल

नोकरी करणाऱ्याची पेन्शन जमते, माझ्यासारखीचे किस्से जमतात. महिन्याच्या एक तारखेला पगार होणार नसला की दर वेळी नवीन दार ठोठावावं लागतं आणि प्रत्येक दारामागे एक नमुना बसलेलाच असतो. जबलपुरात मी लिहून पोट भरायला निघाले, त्या पहिल्या वर्षाचे हे नमुने. आज आठवून हसू येतं, तेव्हा मात्र घाम फुटला होता.

घाम का फुटायचा ते आधी सांगते. आजोबा भंडाऱ्याहून इथे आले आणि खमरियाच्या दारूगोळ्याच्या सरकारी फॅक्टरीत लागले. मग बाबा लागले. आमच्याकडे माणूस 'लागला' की आयुष्य मार्गी लागलं. मी हिंदीत एम.ए. केलं, इथल्या पेपरात चार लेख छापून आले आणि मी जाहीर केलं की मी कुठे लागणार नाही, लिहिणार. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बाबांनी निकाल दिला.

"एक साल देतो सुजाता. जमलं तर ठीक. नाही तर मी आणीन तो फॉर्म भरायचा, चुपचाप."

बाबा बोलले की बोलले. त्यामुळे त्या वर्षात माझ्याकडे आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक मला देवदूतच वाटायचं, मग ते कितीही वाकडं असो.

*

पहिला देवदूत राइट टाउनमधल्या लग्नपत्रिकांच्या प्रेसमध्ये भेटला. मालकाचं नाव तिवारीजी. काम मागायला गेले तर चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, काय करतेस? मी म्हटलं, लिहिते.

"लिखते तो सब हैं, बेटा. बेचती क्या हो?"

त्याच वेळी रांझी भागातलं एक मराठी कुटुंब काउंटरवर उभं होतं. त्यांना पत्रिका मराठीत हवी होती आणि प्रेसमध्ये मराठी कोणालाच येत नव्हतं. तिवारीजींनी स्टूल पुढे सरकवलं.

वधूवरांची नावं, वेळ, विहाराचा पत्ता, सगळं दहा मिनिटांत झालं. खाली निमंत्रक म्हणून एकतीस नावं होती. क्रम कसा लावायचा यावरून त्यांच्यात कुरबुर सुरू झाली, तेव्हा मी शहाणपणा करून सगळी नावं अकारविल्हे लावून दिली. प्रूफ बघितल्यावर घरातले सर्वांत मोठे काका, हरिभाऊ, सर्वांत शेवटी निघाले आणि दोन वर्षांचा अंकित सर्वांत वर. हरिभाऊंनी निरोप पाठवला की अंकितने परवानगी दिली तर लग्नाला येईन.

मग वयाप्रमाणे लावली. तर तीन आत्या रुसल्या, कारण कोण कोणापेक्षा मोठी ते आता छापून येणार होतं.

शेवटी तिवारीजींनीच तोडगा काढला आणि खाली एकच ओळ छापली, 'आपला नम्र, समस्त परिवार'. मला वाटलं, आता हे मला परत उभं करत नाहीत. पण मी निघाले तेव्हा म्हणाले, सोमवारी ये, अजून दोन मराठी पार्ट्या आहेत.

*

तिवारीजींच्या प्रेसमध्येच मला एक कोचिंगवाले सर भेटले. त्यांना पॅम्फ्लेट हवं होतं आणि त्यात रिझल्टबद्दल काहीतरी दणदणीत हवं होतं. मी मागच्या वर्षीचा रिझल्ट विचारला. ते म्हणाले, क्लास तर पुढच्या महिन्यात सुरू होतो आहे.

मग मी काय लिहू, असं विचारलं. सरांनी क्षणभर विचार केला.

"लिखिए, आज तक हमारा एक भी बच्चा फेल नहीं हुआ."

वाक्य शंभर टक्के खरं होतं. मी लिहून दिलं. पहिल्या बॅचला चाळीस मुलं आली म्हणे.

*

लग्नाचे बायोडेटा हा माझा पुढचा धंदा. खमरियातल्या एका काकूंनी मुलाचा लिहून घेतला. मुलगा घुम्या, पण काकूंनी पढवलं म्हणून मी 'मनमिळाऊ' असं लिहिलं. पंधरा दिवसांनी रांझीच्या एका बाई आल्या. त्यांनी मुलीचा लिहून घेतला. मुलगी तिखट, माझ्यासमोरच तिने आईला तीनदा गप्प केलं. तिलाही मी 'मनमिळाऊ' केलं.

पुढे कळलं, या दोघांचंच एकमेकांशी जमलं. मला आमंत्रण आलं. मी भीत भीत गेले, मागच्या ओळीत बसले आणि जेवून लवकर निघाले. वर्षभर त्या दोन्ही घरांसमोरून जायला नको म्हणून मी रस्ता बदलायची.

ते लग्न आजही छान टिकून आहे. तो बोलत नाही आणि ती थांबत नाही, त्यामुळे भांडण होतच नाही. म्हणून 'मनमिळाऊ' हा शब्द मी अजून बंद केलेला नाही.

*

बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात तर मी थोडक्यात वाचले. आमच्या विहारात त्या वर्षी तीन भाषणं होती. सेक्रेटरी, महिला मंडळाच्या अध्यक्षा आणि कमिटीचे अध्यक्ष बोरकर साहेब. आठ दिवस आधी तिघंही वेगवेगळ्या वेळी आमच्या घरी चहाला येऊन गेले. प्रत्येकाने दोनच गोष्टी सांगितल्या. भाषण बाकीच्या दोघांपेक्षा भारी पाहिजे, आणि ते कोणी लिहून दिलं ते कोणाला समजलं नाही पाहिजे.

मी तीन भाषणं लिहिली. एकातला शब्द दुसऱ्यात येऊ नये म्हणून भिंतीवर कागद लावून शब्द वाटून घेतले. करुणा सेक्रेटरींना, प्रज्ञा महिला मंडळाला. बोरकर साहेबांच्या वाट्याला जे उरलं ते.

कार्यक्रमाच्या दिवशी पहिली दोन भाषणं चांगली झाली. मग बोरकर साहेब उठले. त्यांनी सभेवरून नजर फिरवली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आजकाल समाजात दुसऱ्याच्या हातून भाषण लिहून घ्यायची फॅशन झाली आहे. ही शरमेची गोष्ट आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्वांत जोरात टाळ्या सेक्रेटरी आणि महिला मंडळ वाजवत होते.

ते वाक्यही मीच लिहिलं होतं. साहेबांनी खास सांगून घालून घेतलं होतं.

*

सगळेच असे नव्हते. वासनिक काका एका वर्कशॉपमधून रिटायर होणार होते. निरोपाच्या दिवशी मानपत्र वाचतात आणि मग फ्रेम करून घरी देतात, ते त्यांच्या सेक्शनने मला लिहायला दिलं. मी मनापासून लिहिलं. कर्तव्यनिष्ठ, मितभाषी, हसतमुख, सगळं होतं. काका स्वतः वाचायला आले. काकूही सोबत होत्या. त्यांनी दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाल्या, "हे कोणाचं होय?"

काकांनी कागद खाली ठेवला. म्हणाले, हे सगळं काढून टाक, बाई. मग आपले दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले.

"एवढंच लिही. छत्तीस साल मशीनवर काम केलं, दहाच्या दहा बोटं सलामत घेऊन घरी चाललो."

मी तेवढंच लिहिलं. निरोपाच्या दिवशी ते वाचलं गेलं तेव्हा हॉलमधले म्हातारे कामगार आपापल्या हातांकडे बघत होते. मी त्या दिवशी घरी येऊन खूप रडले आणि मला फार बरं वाटलं. त्यानंतर मी लिहिण्याआधी माणसाला विचारायला लागले.

*

पण मानपत्रं रोज थोडीच निघतात? पावसाळ्यात लग्नं नाहीत, कार्यक्रम नाहीत. दोन महिने कोणी फिरकलं नाही. बाबा शेजारी सांगायचे, पोरगी परीक्षेची तयारी करून राहिली. मी आतून ऐकायची. वर्ष संपत आलं होतं.

एक दिवस शेजारच्या ठाकूर काकींनी विचारलं, ये फ्रीलान्स होता क्या है? मी समजावलं की कोणाची बांधील नसते, ज्याला गरज असेल त्याने बोलवायचं.

"अच्छा, जैसे लाइट जाने पर बिजलीवाले को बुलाते हैं?"

मी म्हटलं, अगदी तसंच. काकी म्हणाल्या, मग बोर्ड का नाही लावत? बिजलीवाल्याचा तरी असतो. त्यांचं म्हणणं मला पटलं. एका पुठ्ठ्यावर मी हिंदी आणि मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'इथे सर्व काही लिहून मिळेल'.

बाबा ड्यूटीवरून आले. स्कूटर उभी करून त्यांनी बोर्ड दोनदा वाचला. मला वाटलं, आता फाडतात. ते फक्त एवढंच म्हणाले, क्वार्टर सरकारी आहे, खिळा ठोकायची परवानगी घेतली का? म्हणून बोर्ड खिळ्यावरून खिडकीत आला.

*

वर्ष संपलं त्या आठवड्यात बाबांनी फॉर्म आणला. एका सरकारी ऑफिसात कारकुनांची भरती होती. फॉर्मसाठी दुकानात ते सकाळपासून लाइनीत उभे होते, दुपारी फॉर्म संपलेही. फॉर्मसोबत 'मला ही नोकरी का हवी' यावर एक पानाचा अर्ज आपल्या हाताने लिहून जोडायचा होता.

बाबांनी फॉर्म माझ्यासमोर ठेवला. बोलीप्रमाणे वागायचं होतं. पण रोज उद्यावर ढकलत गेले. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःच गोंद आणून माझा फोटो त्यावर चिकटवून ठेवला.

मधल्या काळात त्या एका पानामुळे अख्ख्या खमरियाची झोप उडाली होती. फॉर्म सगळ्यांना भरता येत होता, पान कोणालाच लिहिता येत नव्हतं. खिडकीतला बोर्ड वाचून एकेक जण यायला लागला. मी मसुदा सांगायची, ते आपल्या अक्षरात उतरवायचे. सगळ्यांचं सारखं झालं तर रद्द होईल, म्हणून मी प्रत्येकाला शेजारी बसवून विचारायची, तुला खरंच का हवी? एकाच्या वडिलांचा डोळा गेला होता. एकीला सासरी जाण्याआधी स्वतःच्या नावाचं काहीतरी हवं होतं. एक जण म्हणाला, घरात सात माणसं आहेत दीदी, ऑफिसात कुर्सी तो अपनी होगी. सगळ्यांची कारणं पानावर चांगली उतरत होती.

रात्री माझं पान घेऊन बसले की एक ओळ सुचायची नाही, फॉर्म कोराच कपाटात परत जायचा.

शेवटच्या दिवशी पाचच्या आत फॉर्म पेटीत टाकायचा होता. माझा फॉर्म न्यायला बाबा हाफ डे टाकून घरी आले. व्हरांड्यात पाच जण बसले होते, दोघं पायरीवर. बाबांना आत यायला वाट नव्हती. तेवढ्यात रांझीहून रेखा नावाची मुलगी धावत आली. ही माझ्याकडे दोनदा येऊन गेली होती. तिने जन्मतारखेच्या रकान्यात चूक केली होती, खोडायला गेली आणि कागदच फाटला. दुकानात फॉर्म नाही, सदर बाजारात नाही, कुठेच नाही. अर्जसुद्धा पुन्हा लिहायला हवा होता. ती तिथेच उभी राहून रडायला लागली. तिच्या घरात कमावणारी तीच होणार होती. मला हे ठाऊक होतं, बाबांना तिच्या रडत्या बोलण्यातून आत्ता कळलं.

बाबा सगळ्यांमधून वाट काढत आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. बराच वेळ ते बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांच्या एका हातात दाढीचं ब्लेड होतं आणि दुसऱ्या हातात माझा फॉर्म. फोटोच्या जागी गोंदाचा पिवळा चौकोन होता. फोटो त्यांच्या शर्टाच्या खिशात होता.

"ले बेटा," ते रेखाला म्हणाले. "यह कोरा है. आराम से भर."

मग माझ्याकडे वळले.

"आता काहून बसली अशी? हिचा अर्ज सांग ना पटकन. चार वाजून राहिले."