काचेच्या तारा जोडणारा

चेन्नईला बदली होऊन आलो आणि बँकेच्या दोन इमारती फायबर केबलने जोडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. केबल दोन प्रकारची मिळत होती, सिंगलमोड आणि मल्टिमोड. मी मल्टिमोड मागवली. मल्टी म्हणजे जास्त, एवढीच माझी अक्कल.

जोडणीला आलेला माणूस पन्नाशीचा, थकलेला. त्याने केबलवरची अक्षरं वाचली, दोन इमारतींमधलं अंतर पावलांनी मोजून आला आणि दारावरचं माझं आडनाव बघून चक्क मराठीत बोलला. मराठी तंजावरकडचं जुनं, हेल मात्र तमिळ.

"ही नको, सार. हिच्यात उजेडाला वाटा फार. एकदम निघतो, पण पुढेमागे पोचतो. लांब जायचं तर एकच वाट बरी."

केबल बदलून आली तेव्हा तोही पुन्हा आला, तेवढाच थकलेला. केसासारख्या दोन काचेच्या तारा त्याने जोडणीच्या छोट्या यंत्रात धरून जोडल्या आणि बोटाला लागलेले बारीक तुकडे चिकटपट्टीने टिपून घेतले.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"जायला एक, यायला एक."

तेवढ्यात त्याच्या मुलीचा फोन आला. तो मराठीत विचारत होता आणि पलीकडून भराभर तमिळ ऐकू येत होतं.

"मुलगी मराठी बोलत नाही?"

त्याने यंत्राचं झाकण सावकाश लावलं.

"समजतं तिला. जायची तार अजून चालू आहे, सार."