कॅनॉलवरचा रविवार

मोटारीतून फिरणाऱ्यांकडे किस्से जमत नाहीत. काचा वर, एसी चालू, अकोल्याहून निघाले की अमरावती! सांगायला काय उरतं, टोलनाक्यावरची रांग? आमच्याकडे मात्र किश्श्यांचा ढीग लागलाय, कारण आम्ही रविवारी सकाळी सायकली घेऊन काटेपूर्णेच्या कॅनॉलच्या काठानं जातो. मुरमाचा रस्ता, एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला हरभरा, आणि गाडी एकही नाही. हायवेवर जीव मुठीत धरून एकामागं एक जावं लागतं. इथं सायकली शेजारी-शेजारी चालतात, त्यामुळे तोंडंही चालतात.

आम्ही चौघं. मी वकील, कोर्टात बोलून माझं पोट भरत नाही. नितीनचं जठारपेठेत मेडिकल आहे. गजूभाऊंचं शेत कॅनॉललाच लागून. आणि जोशी सर, जन्मभर शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेले.

०

एकदा नितीननं सगळ्यांना पिवळीधम्मक हेल्मेटं घ्यायला लावली. त्याच रविवारी एका शेतकऱ्यानं हात दाखवून आम्हाला थांबवलं.

"सायेब, पानी कवा सोडता?"

आम्ही पाटबंधारेवाले नाही, हे मी त्याला समजावून सांगत होते, तेवढ्यात गजूभाऊ म्हणाले, "परवा!"

सर भडकले. "अहो, काहून खोटं बोलता त्याच्याशी?"

"सर, बिचाऱ्याचं मन राह्यलं. आपलं काय जाते?"

आणि परवा खरंच पाणी सुटलं! पुढच्या रविवारी त्या माणसानं आम्हाला शेताच्या धुऱ्यावर बसवून ओला हरभरा भाजून खाऊ घातला. सरांनी सगळ्यात जास्त खाल्ला. त्यानंतर पलीकडच्या गावची माणसं आम्हाला अडवायला लागली. "आमच्याच इकडे काहून नाही सोडत, सायेब? आमी का चहा पाजनार नाही?"

०

नितीननं मग सायकलवाल्यांची ती अंगाला चिकटणारी काळी चड्डी मागवली. इम्पोर्टेड! मी म्हटलं, अरे, हे पुण्यात ठीक आहे. ऐकेल तर नितीन कसला?

तुरीच्या शेतात एक म्हातारी शेंगा तोडत होती. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शेजारणीला मोठ्यानं म्हणाली, "बाप्पा! पोरगं लयच घाईत निघालं वाट्टे. पँट घालाची राह्यली!"

तेव्हापासून नितीन त्या चड्डीवर हाफपँट घालतो. आम्ही अजून त्याला दर रविवारी विचारतो, "नितीन, सगळं घातलं न?"

०

सरांची एक सवय होती. वाटेतल्या पुलाजवळ ते सायकल उभी करायचे आणि आम्हाला वर्गात बसवल्यासारखं शिकवायचे. "ही काटेपूर्णा पूर्णेला मिळते. पूर्णा तापीला. तापी अरबी समुद्राला. म्हणजे आपण समुद्राच्या वाटेवर उभे आहोत!"

दर वेळी तेच. दर वेळी डोळे तसेच चमकायचे.

एकदा गजूभाऊ वैतागले. "सर, हे कॅनॉलचं पाणी समुद्रात-बिमुद्रात नाही जात. माह्या हरभऱ्यात जाते!"

सर खो-खो हसले. "मग गजाननराव, तुमचा हरभरा खारट काहून लागते, ते आज समजलं!"

सर गेल्यापासून त्या पुलाजवळ आम्ही तिघंही आपोआप थांबतो. कोणी काही शिकवत नाही. मला फार ओकंओकं वाटतं तिथं.

०

गेले म्हणजे पुण्याला गेले हो, भलतं काही मनात आणू नका! सरांचं बायपास झालं आणि मुलगा सर आणि काकू दोघांनाही आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. मुलगा गुणी आहे. त्यानं टेम्पोतून सायकलही नेली.

पण पुण्यात पहाटेही गाड्या. पहिल्याच आठवड्यात एक बाईकवाला सरांवर ओरडला, "आजोबा, घरी बसा!" मुलानं सायकल खरंच घरी बसवली. मागचं चाक एका स्टँडवर चढवून बाल्कनीत ठेवून दिली.

सरांचा फोन आला. "वकीलबाई, रोज अर्धा तास सायकल चालवून राहिलो. उतरतो तर तिथंच!"

हसायला गेले आणि मला हुंदकाच आला. फोनवर सर्दीचं नाव पुढं केलं.

०

मग नितीननं युक्ती काढली. रविवारी सरांना फोन लावायचा आणि तो हँडलला अडकवायचा. व्हिडिओ सरांना सोसला नाही. म्हणाले, "गरगरते. नुसता आवाज राहू द्या." आम्ही कॅनॉलवर, सर बाल्कनीत, आणि चौघांच्या गप्पा पूर्वीसारख्या.

दोन गावांच्या मधात रेंज जाते. एकदा आम्ही रेंजमध्ये परत आलो, तर सर धापा टाकत रागावलेले. "कुठं राहिले होते तुम्ही? मी केव्हाचा पुलाजवळ येऊन उभा आहे!"

"सर, पंचर झाली होती," गजूभाऊ म्हणाले.

"मग ठीक. मी थांबतो, तुम्ही या सावकाश."

आत काकू कुणालातरी सांगत होत्या, "रविवारी यांना हाक मारू नका. हे अकोल्याला असतात."

सरांचं एकच म्हणणं असायचं, डॉक्टरनं हो म्हटलं की मी येतो. दिवाळीला येतो. मग संक्रांतीला येतो. "मला एकदा तो मुरमाचा रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवायचा आहे, बस! मग घरी बसवा मला." आम्हीही म्हणायचो, या सर, रस्ता कुठं पळून जाते?

०

संक्रांत झाली आणि कॅनॉलवर रोड रोलर येऊन उभा राहिला.

मी आणि नितीन हळहळलो, तर गजूभाऊ आमच्यावरच उखडले. "तुमाले हप्त्यातून एक दिवस खडखड पायजे. आमी रोज जातो इथून. पावसाळ्यात बाईले दवाखान्यात न्या लागलं त समजन!"

खरंच होतं ते. बघता बघता रस्ता काळाकुळकुळीत झाला.

पुढच्या रविवारी सरांना फोन लावला. रिंग वाजत होती, तोच गजूभाऊंनी सायकल डांबरावरून बाजूच्या मुरमाच्या पट्टीत उतरवली. आम्हीही उतरलो. वीतभर रुंदीची पट्टी, गोटे, बाभळीचे काटे. खडखड, खडखड!

"वा!" फोनमधून सर म्हणाले. "आला माझा रस्ता!"

झालं, दर रविवारी तेच. शेजारी गुळगुळीत डांबर, आणि आम्ही एकामागं एक, आदळत-आपटत. गाड्याही यायला लागल्या. एकानं मागून जोरात हॉर्न मारला.

"हे काय?" सरांनी विचारलं.

"वरातीची गाडी, सर," गजूभाऊ म्हणाले. "रस्ता चुकली."

पुढच्या रविवारी पुन्हा हॉर्न. "वरात, सर." त्याच्या पुढच्या रविवारी तीन.

"यंदा लग्नं लय निघाले तुमच्याकडे," सर म्हणाले.

परवाच्या रविवारी गजूभाऊ एका दगडावरून असे आदळले की तोंडातून शिवीच निघाली. मग कंबर धरून उभे. आम्हीही थांबलो. मागून एक मोटार आली आणि बाजूनं सुळकन निघून गेली, नुसता टायरांचा सर्रर आवाज.

फोनवर सरांचं पायडल फिरत होतं. ते थांबलं नाही.

"गजाननराव," सर म्हणाले, "कंबर मोडेल न तुमची. या आता तिघंही वर, डांबरावर. मी चालवतो खालून."