कुंकवापुरतं कौतुक

कुंकू लावायला उचललेला हात माझ्या कपाळाशी येऊन थांबला. अनामिकेच्या टोकावर कुंकू होतं. ओलसर, गडद. त्याचा वास मला आला. मग तो हात तसाच, अलगद, माझ्या शेजारी उभ्या असलेल्या शालनच्या कपाळाकडे वळला.

"अगं बाई, विसरलेच होते," वहिनीसाहेब हसून म्हणाल्या. "ताई, तुम्ही जरा बाजूला व्हा हं. फोटोत येताय."

माझ्या हातात माईक होता. तो चालू होता. ते वाक्य सगळ्या मांडवाने ऐकलं.

वहिनीसाहेब म्हणजे आमच्या मालकांच्या पत्नी. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा चटणीचा कारखाना आहे. मिरच्या भाजायच्या, खोबरं भाजायचं, कांदा-लसूण परतायचा, सगळं कुटून पिशव्यांत भरायचं. कुटणाऱ्या यंत्राला आम्ही डंक म्हणतो. त्याचा धपधप आवाज रविवारीही माझ्या कानशिलांत चालू असतो. मिरचीचा तिखटपणा नखांच्या मुळाशी जाऊन बसतो. साबणाने जात नाही, दह्याने जात नाही. नवऱ्याच्या आजारपणात त्याच्या कपाळावर हात ठेवायचा तर आधी तो पदराने पुसून घ्यायचे. तो गेला त्यालाही आता काही वर्षं झाली. पदराला हात पुसायची सवय तेवढी राहिली.

गेल्या उन्हाळ्यात हायवेला तयार कपड्यांचा कारखाना सुरू झाला. थंडगार हॉल, बसून काम, ठसका नाही. आमच्याकडच्या बायका एकेक करून तिकडे जाऊ लागल्या. भट्टीपुढची जागा रिकामी झाली, मग पॅकिंगमधली. मालक अस्वस्थ झाले. पुण्याला कसलंसं व्याख्यान ऐकून आले आणि आम्हाला गोळा करून म्हणाले, "माणसं पगारासाठी येतात, पण थांबतात ती कौतुकासाठी. आपण कुठंतरी कमी पडलो. तुमचं कौतुक करायचं राहून गेलं."

मला ते मनापासून आवडलं होतं, हे लिहून ठेवते. कौतुक हा शब्द माझ्या कानाला फार गोड लागतो. कॉलेजात कविता वाचल्यावर तो मला मिळाला होता. त्यानंतर नाही.

सोहळा ठरला. बायकांचा कारखाना, म्हणून वहिनीसाहेबांनी तो हळदीकुंकवाचा ठरवला. साडी, नारळ, ओटी, अत्तर, जिलबी. बायकांचं कौतुक याहून वेगळं कसं करतात, असा प्रश्न त्या घरात कुणाला पडलाच नाही. सूत्रसंचालन वहिनीसाहेबांनी माझ्याकडे दिलं. "तुमची भाषा चांगली आहे ताई. प्रत्येकीवर चार शब्द लिहा की छानसे." मी लिहिले. आठवडाभर डंकाच्या आवाजात मनातल्या मनात ओळी जुळवत होते. शालनच्या हातची मिरची करपत नाही, ती फक्त रंग बदलते. असं काहीबाही. प्रत्येकीला तिची ओळ. लिहून झालेली ओळ मी घरी पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचून बघायचे.

माझ्यावर कोण लिहिणार, हे मी कुणाला विचारलं नाही.

तर त्या दिवशी मी नाव पुकारत होते, ओळ वाचत होते, आणि एकेक जण येऊन वहिनीसाहेबांसमोर उभी राहत होती. हळद, कुंकू, ओटी, फोटो. टाळ्या. शालनची पाळी आली तेव्हा मी तिच्या शेजारी होते, आणि वहिनीसाहेबांचा हात ओघात माझ्याकडे आला. तेवढंच. त्यांची चूक एवढीच की क्षणभर त्या विसरल्या. क्षणभर मी त्यांना फक्त एक बाई दिसले.

मी बाजूला झाले. हे सगळ्यात वाईट. पाय आपोआप सरकले. इतक्या वर्षांत कुणी सांगायच्या आत सरकायची सवय पायांना लागलेली. तोंडावर हसूही आलं. मी पुढचं नाव पुकारलं, पुढची ओळ वाचली. आवाज कापला नाही.

मग मला मागची रांग दिसली. मांडवाच्या कडेला, जिलबीच्या कढईजवळ, माझ्यासारख्याच मोकळ्या कपाळाच्या तिघी बसल्या होत्या. अक्काताई आणि तिच्या बाजूला दोघी. अक्काताई आमच्यातली सर्वांत जुनी. या कारखान्यातली पहिली भट्टी तिने पेटवली होती, असं मालक स्वतःच पाहुण्यांना सांगतात. तिघींची नावं मला पुकारायला दिलीच नव्हती. 'त्यांचं नंतर आत करू,' असा निरोप सकाळीच आला होता. मी तो ऐकला होता आणि कामाच्या गडबडीत त्याचा अर्थ लावला नव्हता. आता लागला. आत म्हणजे स्टोअररूममध्ये. सकाळी तिथे चार पिशव्या ठेवलेल्या मी पाहिल्या होत्या. स्टीलचे डबे. साडी नाही. चौथी पिशवी माझी.

शेवटची ओटी भरून झाली. मालक माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, आता आभार."

आभारप्रदर्शनाचं भाषण मी पाठ केलं होतं. पहिला शब्द 'कृतज्ञता' होता. तो जिभेवर आला आणि तिथेच सुकला.

मी म्हणाले, "आभार मी मानणार नाही. कार्यक्रम संपलेला नाही. अक्काताई, पुढं या."

वहिनीसाहेबांनी हातातलं ताट खाली ठेवलं. आणि अक्काताई, जिच्यासाठी मी हे बोलले होते ती अक्काताई, तोंडावर पदर घेऊन म्हणाली, "नगं गं बाई. चांगला दिस हाय. कुणाच्या संसाराला माझी नजर नगं लागाय."

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी माझ्या बाजूने उठलं नाही. मी माईक बंद केला, खुर्चीवर ठेवला आणि मांडवातून बाहेर पडले. पिशवी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी भट्टीपाशी शालनने मला गाठलं. "काय गरज हुती गं तुला? समद्यास्नी साडी मिळाली, जिलबी मिळाली. मालक पयल्यांदाच आपल्याला पावण्यागत वागवत हुतं, आणि त्यात तू मिठाचा खडा टाकलास की!"

"मला कुंकू लावलं असतं तर तुझं काय गेलं असतं?"

"माझं काय जातंय? पर माझी सासू बसलीती न्हवं का तितं," असं म्हणून ती मिरच्या हलवायला वळली. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाली, "वळ झ्याक लिवलीतीस माझ्यावर."

दुपारी मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला.

"मनाला लावून घेऊ नका, ताई. आम्ही असलं काही मानत नाही. पण बाकीच्या बायका मानतात, त्यांचं मन राखावं लागतं. तुम्ही आपल्या घरच्याच. त्या कपड्याच्या कारखान्यात जायचा विचार नाही ना? काय पाहिजे ते बोला."

"विभागप्रमुखाचं पद द्या."

ते काम मीच करते. मिरचीची प्रत, भाजणी, कुटणी, माल निघेपर्यंत सगळं. त्या पदावर आजवर दोघे बाहेरून आले, दोघांनाही काम मीच शिकवलं, दोघेही चांगली नोकरी मिळाल्यावर गेले.

मालक चहा ढवळत राहिले. "काम तुम्हीच बघताय की. नावात काय आहे?"

"काही नसेल तर द्या."

"तसं नाही हो ताई. खंडेनवमीला डंकाची पूजा विभागप्रमुख करतो. वडिलांपासूनची पद्धत आहे. हळद, कुंकू, नारळ... ते जरा अवघड होतंय. समजून घ्या. सोमवारपासून माझा भाचा येतोय त्या जागेवर. त्याला जरा शिकवा."

त्यांचा आवाज अगदी मऊ होता. इतकी वर्षं मला वाटत होतं, माझं शिक्षण कमी पडतं. मग वाटलं, अनुभव. मग वाटलं, मी बाई आहे म्हणून. संध्याकाळी घरी गेल्यावर मी स्वतःतल्या उणिवा शोधत बसायचे. आणि कारण होतं एक चिमूट कुंकू. यंत्राला लावायचं. लोखंडाला चालतं, माझ्या हातून चालत नाही. मांडवात माझ्यावरून वळलेला तो हात त्या दिवशी पहिल्यांदा वळला नव्हता. दर खंडेनवमीला वळत होता. मला दिसत नव्हता.

चहा तसाच ठेवून मी उठले.

"भाच्याला मी शिकवणार नाही," मी म्हणाले.

"मग काय, सोडून जाणार?"

"नाही."

सोडून जाणं त्यांना समजलं असतं. त्यावर इलाज त्यांनी व्याख्यानात ऐकला होता. न सोडता नाही म्हणणाऱ्या बाईवर काय इलाज, ते बहुधा सांगितलं नसावं.

रात्री झोप लागत नाही. एका कुशीवर राहवत नाही. अक्काताईचं वाक्य कानात फिरत राहतं आणि राग कुणावर धरावा कळत नाही. काल मी तिला पुन्हा विचारलं, डंकाच्या पूजेला माझ्यासोबत उभी राहशील का. ती पदर सावरून भट्टीकडे निघून गेली. ती नाही आली तरी मी उभी राहणार आहे. मला पूजेचं वेड नाही. उद्या ती पद्धतच बंद केली तरी माझी हरकत नाही. पण ती चालू आहे आणि तिच्या आडून माझं पद अडवलं आहे, तोवर ती माझी.

काल सुट्टी व्हायच्या आधी मी केबिनच्या दारात उभी राहून मालकांना सांगितलं. भाचा तिथेच बसला होता, वहिनीसाहेबही होत्या. खंडेनवमीला डंकाची पूजा मी करणार आहे.

परवानगी मागितलेली नाही. कळवलं आहे.