वारा सुटला की पंप ऐकत नाही: चंदगडचे तीन दिवस

शेवंताअक्कांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात घरी कपड्यांच्या घड्या घालत होते. "म्याडम, वारा सुटला की पंप ऐकत न्हाय," एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन कटला. पुन्हा लागलाच नाही.

चंदगड तालुक्यातल्या एका वाडीत नदीकाठी पंप आहे आणि दोन किलोमीटरवर, टेकडीवर, गावाची पाण्याची टाकी. टाकी भरली की तिथून रेडिओने पंपाला निरोप जातो आणि पंप बंद होतो. ही बिनतारी जोडणी दोन वर्षांपूर्वी मीच बसवली होती. अक्का तो पंप सांभाळतात आणि त्या उगाच फोन करणाऱ्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कोल्हापूरची गाडी धरली.

कोल्हापूरपर्यंत हायवे आहे, काळजी नाही. स्टँडसमोर मिसळ खाल्ली, पण चव लागली नाही. पुढे चंदगडची एसटी. निपाणीला कर्नाटक लागतं, गडहिंग्लजला परत आपण. नेसरीनंतर रस्ता वळणावळणाचा होतो. पोट नाजूक असेल तर पुढची सीट धरा. कुणी जाणार असाल तर रोख पैसे जवळ ठेवा, कारण मोबाइलची रेंज कधी असते, कधी नसते. लॉजची खोली स्वस्त आणि स्वच्छ होती. मार्च असल्यामुळे जेवायला ओल्या काजूगरांची उसळ आणि तांदळाची भाकरी मिळाली. एरवी माझ्या प्रवासाच्या टिपणांत मी त्यावर एक परिच्छेद लिहिला असता. त्या दिवशी मात्र डोक्यात एकच होतं: अँटेना हलत असेल का?

दुसऱ्या दिवशी टेकडीवर गेले. सोबत दस्तगीरभाई होते, चंदगडचे जुने फिटर. टाकीच्या पायाशी खड्ड्यात एक व्हॉल्व्ह गळत होता. मी आलेच आहे तर तेही काम उरकू, असं त्यांचं म्हणणं. अँटेना तपासली, घट्ट होती. तोवर दुपार झाली होती आणि वारा चांगलाच सुटला होता.

भाई खड्ड्यात उतरले. मी टाकीजवळच्या पेटीवरचं पंप बंद करायचं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला.

"झाला बंद?" त्यांनी विचारलं.

"झाला."

त्यांनी व्हॉल्व्हच्या झाकणाच्या बोल्टला पाना लावला. त्यांना उजेडासाठी बॅटरी द्यायला मी वाकले आणि तोल सावरायला पाइपावर हात टेकला. पाइप थरथरत होता.

"भाई, पाना काढा. वर या."

"दिवा लागलाय की."

"आधी वर या."

माझा आवाज ऐकून ते मुकाट वर आले. मी फोन काढला, रेंज नव्हती. घड्याळाकडे बघत उभी राहिले. चाळीस सेकंदांनी पाइप शांत झाला.

भाई काठावर बसले, फडक्याने हात पुसत. "चार बोल्ट हुतं," ते म्हणाले. "एक ढिला केलता."

बाकीचे तीन निघाले असते तर आतल्या दाबाने झाकण थेट त्यांच्या तोंडावर आलं असतं. भीतीपेक्षा वाईट गोष्ट मला कळली होती. तो दिवा मी निरोप निघाला की लागेल असा जोडला होता, पंप खरोखर थांबल्यावर लागेल असा नाही. एरवी या दोन्हींत अर्ध्या सेकंदाचं अंतर, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

टेकडी उतरून नदीकाठी आले, तर पंपाच्या खोलीवर एक कॅमेरा दिसला. मी तरी तो बसवला नव्हता.

"हा कधी आला, अक्का?"

"दिवाळीनंतर. केबल चोरीला गेलती, मग बसिवला. चित्र गावच्या ऑफिसात दिसतंय."

ते चित्र माझ्याच रेडिओवरून जात होतं. कॅमेऱ्यासमोर बांबूचं बन. वाऱ्याने पानन्‌पान हललं की चित्राचा पसारा कितीतरी पट वाढायचा, वाट तुंबायची आणि पंप थांबवायचा इवलासा निरोप मागे ताटकळायचा. कॅमेरा बंद केला, निरोप लगेच पोचला. चालू केला, पुन्हा उशीर.

संध्याकाळपर्यंत तिथेच बसून जोडणी बदलली. आता पंपाचा निरोप आधी जातो, चित्र थांबतं. पाच सेकंद टाकीकडून काहीच ऐकू आलं नाही तर पंप आपोआप बंद होतो. आणि दिवा पंप थांबल्याचं उत्तर आल्यावरच लागतो. तिसऱ्या दिवशी भर वाऱ्यात वीस वेळा बटण दाबलं. दर वेळी पंप कधी थांबला ते अक्का खाली घड्याळ बघून वहीत लिहीत होत्या, मी वर पाइपावर हात ठेवून होते.

निघताना दस्तगीरभाईंना सांगितलं, "चूक वाऱ्याची नव्हती. दिवा मी चुकीचा जोडला होता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग दुसरीकडं बी असाच बसिवलाय व्हय?"

"सात ठिकाणी."

एसटी येईपर्यंत ते माझ्याशेजारी उभे राहिले.

परतीच्या रस्त्यातलं मला काहीही आठवत नाही. घरी पोचले, बॅग तशीच ठेवली आणि सातही ठिकाणी फोन लावले: दिवा लागला तरी पंप थांबलाय हे कुणीतरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय पाइपाला हात लावू नका. सहा जण "बरं" म्हणाले. सातवे बिद्रीजवळच्या एका गावातले वयस्कर ऑपरेटर होते.

"म्हंजे म्याडम, एवढं दिवस आमी त्या दिव्याकडं बघूनच आत उतरत हुतो."

"हो," मी म्हणाले.

"मग कधी येताय?"

"उद्या."