मार्गारेटची ओटी हॉटेलात भरली

मैत्रिणींनो, रडून झाल्यावर हा ई-मेल लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी आयर्लंडच्या एका खेड्यात शेतकरी मार्गारेटने मला आठवडाभर घरी ठेवलं. स्वतःची खोली मला देऊन ती स्वयंपाकघरात झोपली.

आज ती वाशीला आली, तर आमच्या चिरंजीवांनी तिला परस्पर हॉटेलात उतरवलं.

"आई, आपल्याकडे एकच बाथरूम. तिला अडचण होईल."

"तिला की तुला?"



मी हॉटेलातच तिची ओटी भरली. पदर नव्हता, म्हणून तिने स्वेटरच पुढे धरला. नारळ घेत म्हणाली, "आता तुझं घर दाखव."

फ्लॅट मुलाचा आहे, हे कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत सहज सांगता आलं असतं. त्याऐवजी मी तिच्या स्वेटरवर सांडलेले तांदूळ वेचत बसले.

पाहुणी घरी आणायला तुम्हालाही कुणाला विचारावं लागतं का?