टेलचं पाणी आणि माझे पाय

"साहेब, काल फिराले काहून नाई आले जी?"

रेवंताबाई माझ्या ऑफिसच्या दारात उभी होती. हातात औषधाची जुनी बाटली, तिच्यात पिवळसर तेल. कालव्याच्या नोकरीत पाणी का आलं नाही, हे लोकांनी मला रोज विचारलं होतं. मी का आलो नाही, असं विचारणारी ही पहिलीच. मी लगेच सावध झालो.

"पाय दुखत असन तं टोरीचं तेल आनलं," ती म्हणाली. टोरीचं म्हणजे मोहाच्या बियांचं तेल. आमच्याकडे टाचेपासून मानेपर्यंत कुठेही दुखलं तरी हेच चोळतात.

"ही काय लाच आहे का?"

"तेलाची कोनी लाच देते का जी?" बाटली टेबलावर ठेवून ती निघाली. दारातून पुन्हा वळली. "आन् घाई नका करू. बसत बसत या."

माझा स्वभाव मुळात संशयी. बाजारात वांगंसुद्धा मी दोनदा उलटं करून बघतो. त्यात सरकारी साहेबाच्या पायांची काळजी एका शेतकरी बाईला कशाला? काहीतरी शिजत होतं.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. मी सिहोऱ्याच्या बाजूला शाखा अभियंता होतो. तलावातून मोठा कालवा निघतो, त्यातून लहान फाटे निघतात. अशा फाट्याला आम्ही मायनर म्हणतो. मायनर जिथे सुरू होते ते हेड, जिथे संपते ते टेल. हेडवाल्यांचं पोट भरून उरेल ते टेलवाल्यांना, असा कारभार कुठेही बघायला मिळतो. रेवंताबाईच्या बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली शेतं, अगदी टेलला होत्या. घरचं वर्षाचं खाणं त्यांच्यावर होतं. त्या वर्षी पोळ्यानंतर पाऊस पळाला. धान पोटरीत आलं होतं, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या बेतात होती. त्या आठवड्यांत पाणी मिळालं नाही तर लोंब्या नुसत्या पोचट राहतात. तिच्या तक्रारी येत होत्या. आणि पाणी वाटणारा माणूस, म्हणजे पाटकरी सदाशिव, दर वेळी सांगायचा, "टेलले पानी जाऊन राहिलं, साहेब." टेलवाले ओरडतातच, असं समजून मीही त्याचं ऐकायचो.

आता माझ्या चालण्याविषयी. व्यायामाचा मला मनापासून तिटकारा. ब्लड प्रेशर निघालं तेव्हा तुमसरच्या डॉक्टरांनी सूर्यनमस्कार सांगितले. अंगणात घालायला गेलो तर शेजारी कुंपणाला टेकून बघत बसले. ते तिथेच थांबलं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "तुमचं काम काय?"

"कालवा बघणं."

"कशानं बघता?"

"जीपनं. रस्त्यावरून."

"मग उद्यापासून पायी बघा. व्यायाम म्हणू नका. ड्यूटी म्हणा."

पगार ज्याचा घेतो त्याच कामात चालणं बसत असेल तर नाही म्हणायला तोंड राहत नाही. जीप मला हेडला सोडायची. मायनरच्या पाळीवरून, म्हणजे काठच्या मातीच्या बांधावरून, मी टेलपर्यंत जायचो. पोट पुढे, मी मागे. बाभळ दिसली की सावलीला बसायचो. इतक्यासाठी अख्खी सकाळ जायची.

वाटेत मला बऱ्याच गोष्टी खटकत होत्या. मी निघालो की पुढच्या बांध्यांमधून "हाऽऽ हूऽऽ" अशी आरोळी उठायची आणि शेतामागून शेत पुढे जायची. सदाशिवला विचारलं. म्हणाला, "पोपट हाकलून राहिले." पोपट मला एकही दिसला नव्हता. हेडचे मोठे शेतकरी कोपरापर्यंत चिखलाच्या हातांनी नमस्कार करायचे. फारच वाकून करायचे. हे माझ्या पोटाला हसतात, असा मला दाट संशय होता.

दहा-बारा दिवसांनी कंटाळा आला. दोन दिवस मी पुन्हा जीपमधून लांबूनच नजर टाकली. आणि तिसऱ्या दिवशी तेलाची बाटली आली.

बाटली घेऊन घरी गेलो ती बायकोसमोर धरली. "या बाईला तू माझ्यामागे लावलंस ना?"

"मी? मला वाटलं डॉक्टरांनी लावली. परवा ती मला विचारत होती, साहेबांचा पाय मुरगळला का म्हणून."

मग मी सदाशिवला बोलावलं. चालण्याचा विषय काढताच तो कळवळला. "साहेब, तुमी जीपनंच या ना. पायी कायले तरास घेता? मी हाव ना."

आता दोन माणसं माझ्या पायांची काळजी करत होती. एकीला मी चालायला हवा होतो, दुसऱ्याला नको होतो. आजवर कुठल्या पाटकऱ्यानं साहेबाची एवढी दया केल्याचं मी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये बसलो आणि निम्म्या वाटेवर ड्रायव्हरला म्हणालो, "टेलला घे."

टेलला मायनर कोरडी पडली होती. तळाला भेगा. बांधावर रेवंताबाई बसली होती. मला उलट्या बाजूनं आलेला बघून उठली. मी टेलकडून हेडकडे चालू लागलो. जसजसा वर गेलो तसतसं पाणी दिसू लागलं. आधी ओल, मग घोट्याएवढं, मग चांगलं वाहतं. आज आरोळी नव्हती. खालून कोणी येईल असं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

हेडजवळ पाळीच्या पोटातून सिमेंटचे पाईप निघाले. काही ठिकाणी पोकळ बांबू. सगळ्यांची तोंडं उघडी, पाणी भदाभदा हेडच्या बांध्यांत. शेजारी तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, बोळे तयार ठेवलेले. आरोळी आली की बोळा ठोकायचा, साहेब मायनर सोडून गेला की काढायचा. जीप रस्त्यावरून क्षणात निघून जायची. मी मात्र सकाळभर रेंगाळायचो, तेवढा वेळ बोळे जागेवर राहायचे आणि पाणी टेलला पोचायचं. माझ्या लठ्ठपणावर तिचं धान जगत होतं! मला हसू आलं आणि सदाशिवचा भयंकर राग आला.

परत टेलला येऊन मी रेवंताबाईला विचारलं, "मला सरळ का नाही सांगितलं?"

"नाव घेतलं असतं तं पुढच्या रोवन्याले मले बैल कोन देते जी? हेडवाल्याईचेच बैल." रोवणा म्हणजे धानाची लावणी; बैलांशिवाय तिचा चिखल होत नाही.

संध्याकाळच्या आत सगळे पाईप उपटले. सदाशिवची मायनर बदलली. पाणी टेलला लागलं, धान भरलं. ब्लड प्रेशरही उतरलं. डॉक्टरांनी श्रेय स्वतःकडे घेतलं, घेऊ दिलं.

कापणी झाल्यावर रेवंताबाई क्वार्टरवर आली. मी पाय पुढे करूनच बसलो होतो.

"माझी बाटली देता का जी?" तिनं विचारलं.

"आणि माझे पाय? आता नाही विचारत?"

"आता कायले?" बाटली उन्हात धरून तिनं ती रिकामी असल्याची खात्री केली. "पानी तं येऊन राहिलं."

त्यानंतर मी रिटायर होईपर्यंत कालवे पायीच बघितले. व्यायामाची गोडी मला कधीच लागली नाही. पण कुठल्या पाळीत कोणी बोळा लपवला असेल, हा संशय पक्का बसला. तो रोज सकाळी मला घराबाहेर काढायचा, आणि दर वेळी टेलकडूनच.