मामांचा राग आणि अकरा वर्षं

माझ्या बायकोच्या मामांइतका रागीट वकील यवतमाळच्या कोर्टाने आजवर पाहिला नसेल. ते कामगारांचे खटले लढवतात आणि उरलेल्या वेळात कायद्यावर चिडतात. कायद्यात दुरुस्ती झाली की नवी कलमं कात्रीने कापून जुन्या पुस्तकात डिंकाने चिकटवायची, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. ते पुस्तक फुगून उशीएवढं झालं होतं. मग एक दिवस सगळे जुने कामगार कायदे गुंडाळून चार नव्या संहिता आल्या. मामा अंगणात उभे राहून पेपरवाल्यावरच ओरडले, "कायदा बदलला, मान्य! पण जुन्या कायद्याखाली लढणारा माणूस अजून जित्ता हाय ना बे?" पेपरवाल्याने घाबरून दुसऱ्या दिवशी पेपरच टाकला नाही. पुढे नव्या संहितेचं मार्गदर्शक पुस्तक पुसदहून मागवलं, त्यात एक कलम चुकीचं छापलेलं निघालं, तर एसटीने पुसदला जाऊन त्यांनी ते दुकानदाराच्या काउंटरवर आपटलं. "हे म्या काय कथा वाचाले घेतलं काय?"

या नव्या कायद्यांना ते दिवसातून दहादा शिव्या द्यायचे. पण एक तरतूद मात्र त्यांना मनापासून आवडली होती: प्रत्येक कामगाराला, अगदी आधीपासून कामावर असलेल्यालाही, मालकाने लेखी नेमणूकपत्र द्यायचं. कारण मामांचे निम्मे खटले एकाच प्रश्नावर हरले होते: ही बाई तुमच्याकडे कामाला होती, याला पुरावा काय?

म्हणून लोहाऱ्याच्या एका डाळमिलमधल्या बायांसाठी त्यांनी महिनाभर अर्ज केले, आणि पत्रं वाटायच्या दिवशी मला म्हणाले, "चला जवाईबापू, गाडी काढा. आज कागद मिळून राह्यला." मी स्कूटर काढली.

गेटजवळ टेबल मांडून मॅनेजर बसला होता. पोती शिवणाऱ्या सुनंदाबाईने पहिलं पत्र घेतलं, वाचलं आणि मामांच्या हातात दिलं. पत्रावर नेमणुकीची तारीख त्याच दिवसाची होती. अकरा वर्षं त्या बाईने तिथे पोती शिवली होती, आणि कागदाच्या मते ती आज सकाळी कामाला लागली होती.

मामांचा आवाज मिलच्या मशीनच्या खडखडाटाच्याही वर गेला. "अकरा वर्षं कुठं गेली हो? खाल्ली काय तुम्ही?"

मॅनेजर शांतपणे म्हणाला, "कायदा म्हणते पत्र द्या, आम्ही दिलं. सही करा, नाहीतर घरी जा." माझ्याही तळपायाची आग मस्तकात गेली. मी साधा शाळामास्तर, पण त्या टेबलावर लाथ मारावीशी वाटली.

बाया घाबरून एकमेकींकडे पाहू लागल्या. तेव्हा सुनंदाबाई पुढे आली. "मले लिवता येते, वकीलसाहेब. काय लिवू ते सांगा."

मामांनी आयुष्यात पहिल्यांदा आवाज खाली आणला आणि एकेक शब्द सांगितला: 'मी अकरा वर्षांपासून इथे कामावर आहे. हरकत राखून सही करते.' तिने ते सहीच्या वरच्या जागेत लिहिलं. तिच्यामागे नऊ बायांनी आपापली वर्षं लिहिली. चौघींनी नुसतीच सही केली. त्यांच्यावर मामा चिडले नाहीत. "त्यायच्या घरी लेकरं हायेत," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सुनंदाबाईला गेटवरूनच परत पाठवलं.

मामांनी तक्रार दाखल केली. पण ती जुन्या कोर्टाने ऐकायची की नव्या न्यायाधिकरणाने, हेच कुणी सांगेना. सुनंदाबाईला घेऊन आम्ही या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरलो. शेवटी एक कारकून म्हणाला, "वरून आदेश येईपर्यंत थांबा." मी वाट पाहत होतो की आता छप्पर उडणार. पण मामा काहीच न बोलता व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. चेहरा पार उतरला होता.

सुनंदाबाई त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, "वकीलसाहेब, चिडा ना जरा. तुमी असे गप बसले का मले भेव वाटते."

मामांनी घसा खाकरला. आवाज काही चढला नाही. बाकावर तिच्यासाठी जागा करत ते हळूच म्हणाले, "बस बाई. उद्या पुन्हा येऊ."